घड्याळबाईंचा डावा डोळा

४ जून

प्रिय टिकटिक,

तुझे फोन मी उचलले नाहीत आणि यापुढेही उचलणार नाही. रुसू नकोस. आणि शेजारणीला फोन करून "मावशी धडधाकट आहे ना, जरा बघा" असं तर मुळीच सांगू नकोस. ती बिचारी भांडी टाकून ओल्या हातांनी धावत आली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवलेल्या एका घड्याळात पाणी शिंपडून गेली. मी धडधाकट आहे. घड्याळाचं सांगता येत नाही.

तू पत्र लिहीत जा. दुकानात समोर गिऱ्हाईक असतं, हातात चिमटा असतो, डोळ्याला भिंग लावलेलं असतं, त्यात तो फोन कानाशी धरून बोलत बसलं की माझा जबडा भरून येतो. शिवाय फोनवर तू दहा गोष्टी एकदम सांगायला घेतेस आणि एकही पुरी करत नाहीस. लहानपणी दुकानातलं प्रत्येक घड्याळ कानाला लावून बघायचीस, एका जागी ठरायची नाहीस. तेव्हा नाव टिकटिक पडलं ते काही उगाच नाही. लिहायला तरी बसावं लागेल.

परवा समोरच्या दुकानातला चष्मेवाला विचारत होता, भाची काय करते? म्हटलं, संशोधन. कशाचं? म्हटलं, पेशींचं. पेशींचं काय? तिथे मी चिमटा उचलून कामाला लागले. तुझी आई गेल्यावर तुला मी वाढवलं, शिकवलं, आणि तू काय करतेस ते मला चष्मेवाल्याला सांगता येऊ नये? नीट लिही. गिऱ्हाइकाला समजेल असं.

आशीर्वाद आहेतच, ते मागवावे लागत नाहीत.

मावशी

*

११ जून

मावशे,

रागावली आहेस, तर तसं सरळ सांग ना. फोन न उचलायला जबडा हे काय कारण झालं? मी सुट्टीत आले नाही म्हणून हे सगळं चाललंय, मला कळतं. पण मी इथून हललेच असते तर माझं काम कोसळलं असतं. तसं ते न हलताही कोसळतंच आहे.

बरं, ऐक. छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर, एक ग्रंथी असते. थायमस. लहान मुलांत चांगली गुबगुबीत असते, वय वाढलं की आक्रसत जाते. शरीराचे पहारेकरी असतात ना, त्यातल्या टी-पेशी तिथे तयार होतात. हाडांच्या आतून कोवळ्या पेशी तिथे येतात आणि प्रत्येकीच्या अंगावर एक वेगळी आकडी असते, छोट्या हुकासारखी. कुठल्या पेशीला कुठली आकडी मिळेल याला काही धरबंध नसतो. मग त्यांची परीक्षा होते. आकडी आपल्या शरीराच्या खुणांवर जराही बसत नसेल तर ती पेशी कामाची नाही. फारच घट्ट बसत असेल तर ती घातकी, कारण उद्या ती घरच्यांवरच हात टाकेल. दोन्ही प्रकारच्या पेशी तिथेच मरतात. शंभरातल्या दोन-तीन बाहेर पडतात.

आणि त्या मरतात कशा, ऐक. फुटत नाहीत, सांडत नाहीत. स्वतःचे तुकडे करून त्यांच्या पुड्या बांधतात आणि शेजारच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. डागसुद्धा राहत नाही. पुस्तकात याला पेशींची आत्महत्या म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. मी मनात 'आवरणं' म्हणते. तू सकाळी जिन्याखालून ओरडायचीस ना, "टिकटिक, आवर!" तसं त्यांना आतून कुणीतरी सांगतं आणि त्या आवरतात.

माझं काम म्हणजे उंदरांच्या थायमसमधल्या पेशी बशीत घ्यायच्या, त्यांच्यावर औषध घालायचं आणि किती मेल्या ते मोजायचं. आणि सध्या माझ्या पेशी मरतच नाहीत! मावशे, ज्यांचं मरण अख्ख्या जगात सोपं समजतात त्या पेशी माझ्या बशीत मजेत आहेत. माझ्या मार्गदर्शक बाई दाराशी येतात आणि उसासा टाकून जातात. मी घरी येऊन येरझाऱ्या घालते. खालचा भाडेकरू झाडूच्या दांड्याने छत ठोकतो.

रागावली नाहीस ना? खरं सांग.

टिकटिक

*

२२ जून

प्रिय टिकटिक,

रागावले असते तर मी दोन पानं लिहिली असती का? वेडी कुठली.

तुझं पत्र चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. अर्ध्यावर माझा आवाज नाकात जायला लागला, म्हणून पुढचं त्यानेच वाचलं. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुमची भाची मरण मोजते." मी म्हटलं, "आणि तुम्ही काय मोजता? नंबर!" तर हसला. हसला की त्याचा स्वतःचा चष्मा घसरतो, आणि इतक्या वर्षांत त्याला त्याची दांडी नीट करायला सुचलेलं नाही.

आता एक गंमत. पावाच्या दुकानातल्या बाईने अशी आवई उठवली आहे की घड्याळबाई चष्मेवाल्याला डोळा मारतात. तुझी मावशी, साठीला टेकलेली, भर रस्त्यात! त्याचं असं आहे, जन्मभर उजव्या डोळ्याला भिंग आणि डावा मिटलेला, हा आमचा धंदाच. आता त्या डाव्याला खोडच लागली. दुपारपर्यंत गुण्यागोविंदाने उघडा असतो, संध्याकाळी आपला आपणच खाली येतो. मी जरा दार लावायला बाहेर आले की समोर तो उभा, आणि माझी पापणी खाली. लोकांना काय, तेवढंच पुरतं. मी काही डोळा उघडायच्या फंदात पडत नाही. एक मिटलेला बरा, निदान एकाला एक दिसतं.

मला तुझ्या पेशींचं एक सांग. ज्यांनी आवरायला हवं होतं आणि आवरलं नाही, नजर चुकवून बाहेर पडल्या, त्यांचं पुढे काय होतं? चष्मेवाल्याला वाटतं मोठ्या झाल्यावर सुधारत असतील. तो जरा भाबडा आहे.

मावशी

*

२७ जून

अगं मावशे!!

पत्र वाचून मी प्रयोगशाळेत इतकी हसले की बाई उसासा टाकायच्या विसरल्या. डोळा काय, खोड काय, आणि म्हणे आपला आपणच खाली येतो! संध्याकाळीच बरा येतो, तो दुकान बंद करतो तेव्हा? भिंगाच्या नावावर किती खपवशील? मला तो पसंत आहे, मी न बघताच सांगते. चष्म्याची दांडी तू नीट करून दे, तुझ्याकडे स्क्रू असतील.

निसटलेल्या पेशींचं म्हणशील तर सगळ्याच सुधारत नाहीत, हे त्यांना सांग. बहुतेकींवर बाहेर दुसरे पहारेकरी लक्ष ठेवतात. कधीकधी तेही चुकतं आणि शरीर स्वतःच्याच अवयवावर चालून जातं. कुणाचे सांधे जातात, कुणाचं आणखी काही. पण ते क्वचित. तू त्याची काळजी करू नकोस, तू लग्नाची तयारी कर.

माझ्या पेशी अजून जिवंत. मी मात्र अर्धमेली.

टिकटिक

*

१५ जुलै

प्रिय टिकटिक,

उत्तराला उशीर झाला. हे पत्र दोन सकाळी बसून लिहिते आहे. सकाळी अक्षर बरं येतं, दुपारनंतर बोटं माझं ऐकत नाहीत. काल एका जुन्या घड्याळाचं चाक चिमट्यातून सुटलं आणि फरशीच्या फटीत गेलं. अशी चूक माझ्या हातून कधी झाली नव्हती. गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणून काही बोललं नाही. ते बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

लग्नाची तयारी म्हणालीस. झाली! चष्मेवाल्यानेही डोळा मारायला सुरुवात केली आहे. सकाळ-संध्याकाळ, इमानेइतबारे. मला आधी कळेना की याच्या डोळ्यात काही गेलंय का. आता त्या भल्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगू की मी मारलाच नव्हता? आणि तोंडाचंच म्हणशील तर ते जेवतानाही दमतं. पाव चहात बुडवून खाते. केस विंचरायला हात वर धरवत नाहीत, म्हणून कापून टाकले. मला शोभतात असं तो म्हणाला.

वय झालं, दुसरं काय. दुकान आवरायला घेतलं आहे. दुरुस्त झालेली घड्याळं ज्याची त्याला परत करते आणि नवी घेत नाही. मागे पसारा नको. तुझ्या त्या पेशींची रीत मला फार आवडली. जाताना डाग ठेवायचा नाही.

तू जेवत जा.

मावशी

*

१९ जुलै

मावशी, तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मी खास माणसाबरोबर पाठवते आहे, उभ्या उभ्या वाच.

काल नवीन विद्यार्थ्यांना शिकवत होते. एकीने अगदी तुझाच प्रश्न विचारला, निसटलेल्यांचं काय होतं. उदाहरण म्हणून मी फळ्यावर एका आजाराचं नाव लिहिलं. मायस्थेनिया. त्यात शरीर स्वतःच्याच स्नायूंना मेंदूचा निरोप पोचू देत नाही, आणि बऱ्याचदा त्याची मुळं थायमसमध्येच सापडतात. मग मी पहिलं लक्षण लिहायला घेतलं, 'पापणी खाली येते, संध्याकाळी जास्त', आणि खडू तिथेच थांबला. मुलं बघत होती. मी वर्ग सोडून बाहेर आले.

जबडा. नाकातला आवाज. हात. एकाला दोन दिसणं, जे तू 'एकाला एक' म्हणून गोड करून लिहिलंस. सगळं तू मला लिहिलं होतंस आणि मी दात काढत होते. मी त्याच ग्रंथीवर काम करते, मावशी, त्याच!

आता मी सांगते ते कर. संध्याकाळी पापणी खाली आली की बर्फ फडक्यात गुंडाळून दोन मिनिटं त्या डोळ्यावर धर. मग लगेच चष्मेवाल्यांना बघायला सांग. पापणी वर गेलेली दिसली तर माझा संशय बळावला. नाही गेली तरी मोठ्या दवाखान्यात मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जायचंच आहे. थंडी-ताप आला किंवा गिळताना ठसका लागला तर सकाळची वाट बघू नकोस. श्वासाचेही स्नायूच असतात.

आणि काहीही आवरू नकोस. घड्याळं राहू देत.

टिकटिक

*

२४ जुलै

कुमारी भाचीताई यांस,

तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला पत्रांतून ओळखतो. मी समोरचा चष्मेवाला.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही बर्फ लावून पाहिला. घड्याळबाई म्हणाल्या, "पोरीचं मन राखायचं म्हणून." बर्फ काढला तर पापणी खिडकीच्या पडद्यासारखी वर. दोन मिनिटं दोन्ही डोळे सारखे उघडे होते. त्या डोळ्याकडे मी इतक्या जवळून प्रथमच पाहत होतो. मग तो हळूहळू पुन्हा खाली आला. मी आयुष्यभर डोळ्यांचाच धंदा केला, आणि हा डोळा मारलेला आहे असं समजून तीन आठवडे उत्तर देत राहिलो. याउपर मी काय लिहू?

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जायचं ठरलं होतं. पण रात्रीत त्यांना ताप भरला आणि पहाटे पाण्याचा घोट उलटा आला. श्वास तोकडा पडू लागला. मी त्यांना घेऊन आलो. आता त्या यंत्रावर श्वास घेतात. डॉक्टर म्हणतात वेळेवर आणलंत. रक्तातला उपद्रवी भाग गाळून काढताहेत.

त्यांना बोलता येत नाही. मी पाटी दिली आहे. त्यावर त्यांनी लिहिलं, 'तिला कळवू नका, तिचा प्रयोग आहे.' मी मान डोलावली आणि बाहेर येऊन हे लिहायला बसलो. तुम्हाला फोन लावत होतो, तो लागत नाही. घड्याळबाईंच्या वहीत तुमच्या खालच्या भाडेकरूंचा नंबर सापडला, त्यांनाही कळवलं आहे. ताबडतोब निघा.

चष्मेवाला

*

१७ सप्टेंबर

मावशे,

परत पोचले. तुझ्या उशापाशी घालवलेले दिवस अजून अंगावरून उतरत नाहीत. यंत्राचा आवाज बंद झाला आणि तू स्वतःचा पहिला श्वास घेतलास, तेव्हा मी चष्मेवाल्यांच्या खांद्यावर रडले. त्यांचा चष्मा माझ्या केसांत अडकला, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

इथे मी एका जागी बसू शकत नाही. बशी हातात घेते, ठेवून देते. पेशी का मरत नव्हत्या तेही कळलं. औषधाची बाटलीच जुनी होती, त्यात काही दम उरला नव्हता. नवीन घातलं तर एका रात्रीत सगळ्यांनी आवरलं. आणि तुला गोळीत देतात ते औषध याच औषधाचा सख्खा भाऊ आहे. मी बशीत ते घालते आणि मला तुझं तोंड दिसतं.

आता शस्त्रक्रियेचं. निघताना आपण भांडलो. तू म्हणालीस, छाती उघडून ग्रंथी काढणार, आणि गुण येईल का विचारलं तर डॉक्टर म्हणतात बहुधा, तोही सावकाश. "मी गिऱ्हाइकाला बहुधा म्हटलं असतं तर दुकान कधीच बसलं असतं." खरं आहे. मीही बहुधाच म्हणते, कारण खोटं बोलता येत नाही. पण ती काढली तर गोळ्या कमी होण्याची, पुन्हा त्या यंत्रावर न जाण्याची चांगली आशा आहे. संध्याकाळी चिमटा धरता येण्याची आहे.

मग तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, "माझं आवरून झालंय." त्याचं उत्तर आत्ता देते. तो शब्द मी तुझ्याकडून घेतला आणि भलतीकडे लावला, माझीच चूक. आवरणं कोवळ्या पेशींसाठी असतं, मावशांसाठी नाही. तू डाग ठेव. पसारा कर. मला तुझा पसारा हवा आहे. तू नसलीस तर या जगात मला टिकटिक म्हणणारं कुणी उरत नाही, मग मी कोण?

उत्तर लवकर दे. मी पोस्टमनच्या वाटेवर उभी आहे.

टिकटिक

*

२ ऑक्टोबर

प्रिय टिकटिक,

पोस्टमनला त्रास देऊ नकोस.

तुझं पत्र मी स्वतः वाचलं, सकाळी, गोळी घेतल्यावर, दोन्ही डोळ्यांनी. मग दिवसभर दुकानात नुसती हिंडत राहिले. भीती वाटते गं. तुला वाटतं मी हट्टी आहे, पण मी भित्री आहे. मी जन्मभर दुसऱ्यांची बंद घड्याळं उघडली. उघडणं सोपं असतं. झाकण परत बसलं तरी आतलं चालेल की नाही, हे क्षणभर कुणालाच माहीत नसतं, आणि त्या क्षणी मीसुद्धा श्वास रोखून धरते. तिथे टेबलावर मी असणार, आणि रोखून धरायला श्वास माझ्याकडे जेमतेमच आहे.

पण तुझ्या त्या जुन्या पत्रात एक गोष्ट आहे. पेशी आपल्या मनाने आवरत नाहीत, त्यांना आतून कुणीतरी तसं सांगतं. मी खूप कान लावून बघितलं. मला कुणी काही सांगितलेलं नाही. एकटी तूच ओरडते आहेस, आणि तू तर 'आवरू नकोस' म्हणतेस. जिन्याखालून मी वर्षानुवर्षं ओरडले तेव्हा तू किती ऐकलंस ते मला माहीत आहे, पण मी ऐकते.

पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं. ग्रंथीचा तुकडा अभ्यासाला हवा होता, मी सही दिली. तो तुमच्याकडे आला तर तू बघू नकोस, दुसऱ्या कुणाला बघू दे. तू रडशील आणि मोजणी चुकेल.

चष्मेवाल्याने डोळा मारणं बंद केलं आहे. फार गंभीर झालाय. दुकानासमोरून जाताना खाली बघतो, जणू माझा गुन्हा केलाय. मला ते अजिबात आवडत नाही.

ये. भांडायला नाही, नुसती ये.

मावशी

*

९ मे

प्रिय टिकटिक,

हे पत्र संध्याकाळी लिहिते आहे. अक्षर बघ.

दुकानातला पसारा तू गेलीस तेव्हा होता त्याच्या दुप्पट झाला आहे. नवी घड्याळं घ्यायला लागले, आणि लोकांनीही इतके दिवस साठवून ठेवल्यासारखी आणून ओतली. छातीवरचा व्रण थंड वाऱ्यात ओढतो. डॉक्टरांनी गोळ्या जरा कमी केल्या. पूर्ण बंद होतील का विचारलं तर म्हणाले, बहुधा. मी म्हटलं, चालेल. जिना चढताना अजून मधल्या पायरीवर थांबावं लागतं, कधी संध्याकाळी आवाज नाकात जातो. पण पाव कोरडा खाते, कडक, कुरकुरीत, पावाच्या दुकानातल्या बाईसमोर उभी राहून. ती निराश आहे, कारण डावा डोळा आता दुकान बंद होईपर्यंत उघडा राहतो आणि तिला बोलायला विषय उरला नाही.

फोन कर. उचलीन. दहाच्या दहा गोष्टी सांग, मी ऐकेन.

एवढं सांगते आणि थांबते. चष्मेवाला अजून खाली बघूनच जात होता. त्याच्या चष्म्याची दांडी मी मागून घेतली आणि नवा स्क्रू बसवून दिला. तरी मान खालीच. काल तो दुकान बंद करत होता, मीही दार लावायला बाहेर आले. रस्त्यावर चांगली गर्दी होती, पावाची बाई दारातच होती. मी त्याला हाक मारली. त्याने वर पाहिलं.

मी डोळा मारला. या खेपेला मुद्दाम.

मावशी